गाजराचा वाफा

वारज्यात आमच्या सोसायटीमागच्या पडीक जागेत भाजीबाग करायची कल्पना शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंची. पोस्टातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना काकूच म्हणतात. दारोदार फिरून त्यांनी आम्हा दहाबारा जणांना गोळा केलं. बोलणं मोजकं आणि खरखरीत. कोणी उशिरा आलं की म्हणायच्या, "या. रोपं तुमच्यासाठीच थांबलीत." झारी उंच धरली तरी हातातून काढून घ्यायच्या. मला त्यांची भीतीच वाटायची.

एका रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन मी उत्साहानं गवत उपटलं. अख्खा वाफा साफ केला. काकू आल्या, ढिगातली एक काडी चुरगळून त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती गाजराची कोवळी रोपं होती.

तेवढ्यात बाकीचे जमले. तो वाफा रोज जपणाऱ्या आजोबांचा चेहरा पडला. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "माझ्याकडून झालं. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मला राहवेना. "आजोबा, मी उपटली. मला गवत वाटलं," मी म्हणालो.

आजोबा काकूंकडे बघतच राहिले. काकूंनी पिशवीतून बियांची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"सांगून झालं ना? मग पेरा आता," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर हात टेकत माझ्या शेजारी मातीत बसल्या.