हेमाताईंच्या गौरी कोणत्या दाराने आल्या

आमच्या शेजारच्या हेमाताई इंग्लंडला कधी गेलेल्या नाहीत. विश्रांतवाडीतून स्वारगेटला जायचं तरी त्या आधी गुडघ्यांची परवानगी घेतात. पण तिकडच्या एका जुन्या, विटांच्या शेतघराची खडान्‌खडा माहिती त्यांना आहे, कारण त्यांचा सलिल आणि सून ऋचा तिथे भाड्याने राहतात.

घर तीनशे वर्षांचं. लाल विटा, एक आडवी दिसणारी, एक नुसतं तोंड दाखवणारी, अशा एकीत एक गुंफलेल्या. मधोमध एवढं थोरलं धुराडं, की आधी ते बांधून मग भोवती घर रचलं असावं. तुळया इतक्या खाली की सलिलच्या कपाळावर कायमचं टेंगूळ. "भाडं भरून डोकं फोडून घेतोय," असं ताई कौतुकाने सांगतात. चुलीशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे, पूर्वी त्यात मीठ ठेवायचे, उबेने कोरडं राहायचं. तो मात्र ताईंच्या मनात भरला. समोरची एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे. पूर्वी म्हणे खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला. ताई म्हणाल्या, मालक मूळचा पुण्याचा असणार.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ताईंना गौरी बसवणं जमणार नव्हतं. ऋचाने आपण होऊन विचारलं, मी इथे बसवू का? ताईंनी सलिलबरोबर मुखवटे पाठवले, पण अट घालूनच. आवाहन यथासांग झालं तर मुखवटे तिथेच, नाहीतर पुढच्या वर्षी पुण्यात परत. ऋचाने ते फार मनाला लावून घेतलं. पुरणापासून पदराच्या निऱ्यांपर्यंत ती रोज फोन करून विचारायची.

गौर यायची ती मुख्य दाराने. उंबरठ्यावर तिला आणणारीचे पाय दूध-पाण्याने धुवायचे, मग रांगोळीच्या पावलांवरून आत नेऊन तिला सगळं घर दाखवायचं. तेव्हा पहिला प्रश्न दाराचा. अनंतराव, म्हणजे ताईंचे यजमान, सरकारी कचेरीत नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. त्यांनी फोटोंवरून घराचा नकाशाच काढला. समोर अगदी मधोमध दार, दोन्ही बाजूंना खांब, वर छोटं छप्पर. 'मुख्य प्रवेश' असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि विषय संपवला.

आवाहनाच्या दिवशी आम्ही बायका ताईंकडे जमलो. टॅबलेट तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर ऋचा पैठणी नेसून, मुखवटा हातात घेऊन त्या दाराबाहेर उभी. तिची मैत्रीण कल्याणी एका हातात फोन धरून होती, ताट-चमचा दुसऱ्या मैत्रिणीकडे. सलिल आतून दार ओढत होता. दार हलेना. गोंधळ ऐकून घरमालकीणबाई तेलाची बुधली घेऊन आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सलिलने ते जसंच्या तसं मराठीत आणलं, तेच चुकलं. हे दार फक्त नवरी निघताना किंवा घरातलं माणूस गेल्यावर उघडतात. शेवटचं उघडलं ते बाईंच्या सासऱ्यांना न्यायला.

ताईंनी घंटा खाली ठेवली. "अहो, हे दार तुम्ही निवडलंत."

"मी दार कुठे आहे ते दाखवलं," अनंतराव म्हणाले. "त्यातून कोण जातं, ते नकाशात नसतं."

आवाहनाची वेळ सरत चालली होती. ऋचाने भीतभीत विचारलं, मागच्या दाराने आणू का? मागच्या दाराने चोर येतात, असं ताई म्हणाल्या. पोरीचे डोळे भरले. मी मनातल्या मनात देवीलाच सांगितलं, बाई, आता तूच काय ते बघ.

मुखवटा छातीशी धरून घराला वळसा घालून ऋचा मागे स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि कल्याणीला फोन खाली धरायला लावला.

"आई, उंबरठा बघा."

उंबरठा विटांचाच. पण मधोमध जुन्या पाट्यासारखा झिजून खोल गेलेला.

"त्या दाराचा अजून कोरा आहे," ऋचा म्हणाली. "दूध, धान्य, सगळं इथून आत आलंय. इथल्या बायका इथूनच वावरल्या."

ताई चष्मा सावरून पडद्याजवळ गेल्या.

"कल्याणी, पाय धू गं तिचे," त्या म्हणाल्या. "आणि सलिल, ती समोरच्या दारापासूनची पावलं आधी पूस. आता ती मागच्या दाराने निघून चालल्यासारखी दिसतात."

सलिल फडकं घेऊन धावला. मग ठक्‌कन आवाज आला. तुळई. आम्ही सगळ्यांनी पदर तोंडाला लावले.

ताट वाजलं, गौर आत आली. हे काय, स्वयंपाकघर. हे काय, कोठीची खोली. मिठाच्या कोनाड्यालाही ऋचाने हळदी-कुंकू वाहिलं, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. गौरी थोरल्या चुलीपुढे बसल्या, आणि लाल विटांपुढे त्यांच्या हिरव्या पैठण्या काय खुलल्या म्हणून सांगू.

"मुखवटे राहू देत तिथेच," ताई फोन ठेवताना म्हणाल्या. "आणि मीठ त्या कोनाड्यातच ठेवत जा."

मी म्हटलं, ताई, तुमच्या गौरी गेल्या की हो सातासमुद्रापार. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी पाहुणी म्हणून जाईन म्हणते. गुडघ्यांना विचारलंय. मागच्या दाराला पायऱ्या आहेत का, ते यांना नकाशात बघायला सांगितलंय.