कंडेन्सर कावून न्हाई?

आई-बाप ऊसतोडीला जायचे, आम्ही फडावरच्या पाचटाच्या कोपीत वाढलो. घरात कॉलेजला पहिली मीच गेले. केजला स्टँडमागं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारे एक मिस्त्री आहेत. मोटारीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात आणि विचारतात, "काय दुखतंय, माय?"

एम.एस्सी.च्या प्रयोगात मला फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं लोखंडाचे बारीक कण काचेवरून चालवायचे होते. कॉइली त्यांनीच भरून दिल्या होत्या, पण कण जागीच थरथरायचे. उद्यावर परीक्षा आलेली. सगळं सामान घेऊन मी त्यांच्याकडं गेले.

त्यांनी कॉइलला तसाच कान लावला आणि हसले. "नुस्ती गुणगुणतीय. कंडेन्सर कावून न्हाई लावला?"

"पुस्तकात फेज बदला म्हणलंय, मामा."

"मंग त्यो काय आभाळातून पडतो? दोन्ही कॉइलींला करंट संगंच चाललाय. एकीला जरा मागं ठिवाय पायजे."

कंडेन्सर जोडला. भिंगाखाली कण ओळीनं चालू लागले. मिस्त्रींनी एका कॉइलची टोकं उलटी जोडली, तसे ते माघारी फिरले.

"बारके हायेत, पर लई शाणे!" म्हणत त्यांनी टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर कण काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले.