खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर सासूबाई

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतून निघताना माझ्या मेहुण्याने, नंदूने, गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती माझी नव्हे, गाडीची. गाडी त्याच्या अर्बाबची (मालकाची). गाडी कसली, चाकांवरचं घरच ते: दोन बिछाने, शेगडी, इवलीशी मोरी आणि टीव्ही. शिवाय तिपाईवर उभी करायची डिश. "आपली मराठी चॅनेलं दिसतात ना रे?" शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, भावाला पुन्हा पुन्हा विचारून भंडावलं.

तिला तसंच कारण होतं. शनिवारी संध्याकाळी माझ्या सासूबाई टीव्हीवर येणार होत्या. एका वाहिनीची माणसं गुहागरला येऊन त्यांच्या खापरोळ्या (नारळाच्या गोड रसात बुडवून खायची जाड, जाळीदार घावनं) चित्रित करून गेली होती. एरवीही या मायलेकी, एक पुण्यात आणि एक गुहागरात, रोज संध्याकाळी फोन चालू ठेवून एकच मालिका बघतात आणि मालिकेतल्या माणसांपेक्षा जास्त बोलतात. तेव्हा हा कार्यक्रमही दोघींनी मिळून बघायचा ठरलं होतं. अलीकडे सासूबाईंचे हात थरथरतात. ते टीव्हीवर दिसेल का, याची त्यांनी फार धास्ती घेतली होती. मोबाईलवर हा कार्यक्रम परदेशात दिसत नाही असं कळल्यावर शोभा सहलच रद्द करायला निघाली. तेव्हा मी म्हणालो, "मी आहे ना!" आमच्या घरात या वाक्याचा लौकिक फारसा चांगला नाही.

तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि सिग्नलची दांडी आपल्या वायपरच्या जागी असते. त्यामुळे प्रत्येक वळणावर, ढगाचा टिपूसही नसलेल्या आकाशाखाली, माझे वायपर जोरात फिरत. मागचे ड्रायव्हर हॉर्न न वाजवता लांबूनच जात. वेड्याला वाट द्यावी तसे.

रुस्ताकचा सूक (बाजार) पाहिला, केशर घातलेला मऊ हलवा खाल्ला, लहानशा कपातून कडसर कॉफी प्यायलो. मुक्कामाला मी जागा शोधली ती खजुरांच्या सावलीतली, उंच तपकिरी डोंगराच्या अगदी पायथ्याशी. "काय जागा आहे!" मी स्वतःलाच शाबासकी दिली. शनिवारी दुपारी डिश लावली. पडदा काळा. डिश फिरवली, टपावर चढलो, तापलेल्या पत्र्यावर तळहात भाजून घेतला. काही नाही.

शोभा बाहेर आली. "अहो, ही कुठे बघतेय?"

"आग्नेयेला. उपग्रह तिकडेच असतो."

"आणि तिकडे काय आहे?"

तिकडे डोंगर होता.

"जन्मभर भूगोल शिकवलात ना?" एवढंच म्हणून ती भांडी आवरायला लागली. भांडी जराही वाजली नाहीत, तेव्हा मी घाबरलो. गाडी सुरू झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आई पुन्हा कधी टीव्हीवर येणार आहे का हो?"

आम्ही समुद्राकडे सुटलो. खाबुऱ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सपाट वाळू, ओढून ठेवलेल्या होड्या, मोकळं आकाश आणि भन्नाट वारा. उभी केली की डिश आडवी. मी वाऱ्यावर चिडलो, शोभा माझ्यावर.

"भांडण मराठीत ऐकला, म्हणून आलो," मागून आवाज आला. समोरच्या किराणा दुकानाचे इब्राहिमभाई. दापोलीकडचे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्ही डिश धरा. मी आत बघून सांगतो. यल्ला, चला!"

मी डिशला मिठी मारून उभा राहिलो. "डावीकडं! खलास, गेला! परत... आला, आला! आता श्वास घ्या, पण हळू!"

कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच क्षणी सासूबाईंचा फोन आला. शोभाने तो स्पीकरवर टाकला. "शोभे, इकडे लाईट गेली गो. सगळा गाव काळोखात आहे."

"आत्ताच?"

"असू दे. तू बघ. मी मला आरशात बघते रोज." आवाज हसरा होता, पण शेवटी बारीक झाला.

"आई, फोन ठेवू नकोस. मी सांगते तुला." शोभाने सुरुवात केली. "जांभळी साडी नेसलीयेस. हिरव्या काठाची."

"मुद्दाम काढली होती. केस?"

"नीट आहेत. एक बट सुटलीये."

"त्यांनी मेल्यांनी पंखा लावला होता! आणि जावई कुठे?"

"बाहेर डिश धरून उभे आहेत."

"बरंय. हातात काही असलं की जरा कमी बोलतात."

इब्राहिमभाई खो खो हसले. माझ्या दंडांना रग लागली होती आणि टीव्ही माझ्या पाठीमागे होता. समुद्र गुलाबी होत चालला होता. मीही सासूबाईंसारखा नुसता ऐकत होतो.

"आता नारळ खवतेयस. हात अगदी जवळून दाखवतायत."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "थरथरतायत?"

"नाही गं! किती झरझर चाललेत."

इब्राहिमभाई हसायचे थांबले होते. त्यांनी गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाले, "अम्मा, एक नंबर! आमच्या घरात पण असाच रस काढतात."

"हे कोण गो?"

"इथले शेजारी," शोभा म्हणाली.

सोहारला परतल्यावर नंदूने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. लोक मला विचारतात, ओमानमध्ये काय पाहिलंत? मी किल्ले सांगतो, डोंगर सांगतो. खरं तर माझ्या लक्षात राहिलाय तो न पाहिलेला कार्यक्रम.

पुढे गुहागरला गेलो तेव्हा शोभाला न विचारता मी तो मोबाईलवर लावून सासूबाईंपुढे धरला. शहाणपणा नडला. खवणीवरचे हात पडद्यावर थरथर कापत होते. शोभाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुन्हा ती डिश धरून उभं राहावंसं वाटलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि मोबाईल पालथा घातला.

"ही कोण म्हातारी दाखवतायत, देव जाणे," त्या लेकीला म्हणाल्या. "तू सांगितलीस ना, ती मी."