वाटून खाल्लेल्या गोळ्या

सुमन, अगं ये अशी जवळ. चष्मा लाव, गॅस बारीक कर आणि आधी माझं हे पत्र वाचून घे. दर वेळी फोनवर "येते हो जाऊबाई" म्हणायचं आणि आपल्या इतवारा मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे काय वागणं झालं? हैदराबाद काय चंद्रावर आहे का?

मी निघाले तो दिवस आठवतो तुला? बऱ्हाणपूरच्या फलाटावर गाडी येऊन उभी, आणि तू आपली माझ्या पिशवीत दराब्याचा डबा कोंबतेयस. तूप-साखरेत रवा फेसून फेसून तुझे हात दुखले होते. म्हणालीस, "तिकडं आधी शेजाऱ्यांना द्या, मग तुम्ही खा." ह्यांच्या माघारी लेकाकडं राहायला चालले होते, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण मी खिडकीतून केळीचे मळे बघत बसले. पुढची दोन-तीन स्टेशनं मागं गेली तरी डबा मांडीवरच होता.

इथं आल्यावर तू सांगितलंस तसंच केलं. आपल्या गल्लीत करतो तशा सारख्या वाट्या भरल्या, कुणाला चमचाभर जास्त नाही की कमी नाही, आणि मजल्यावरची सगळी दारं वाजवली. भाषा येत नव्हती. पण समोरच्या पद्मक्कानं वाटी घेतली, मला हात धरून आत नेलं आणि गच्चीवरच्या बायकांत नेऊन बसवलं. तिथं मी "मौसी" झाले. तिकडं तेलुगू, इकडं माझी बऱ्हाणपुरी हिंदी, मधे हसणं. त्या बायका नसत्या ना, तर मी पहिल्याच उन्हाळ्यात परत आले असते बघ.

आता आमच्या अनूचं सांगते. सूनबाई विद्यापीठात गणितावर संशोधन करते एवढंच तुला ठाऊक. मलाही तेवढंच होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून. माहेरी निंबोल्याला बाबा म्हणायचे, "कार्टे, तुझे प्रश्न टाकले तर विहीर भरेल." ती विहीर मी अनूपुढं रिकामी केली. तेव्हा कळलं, एका टेबलाशी चार तऱ्हेची माणसं बसतात. औषधवाले गुडघेदुखीची गोळी तयार करतात. कॉम्प्युटरवाला माहिती जमवतो. अर्थशास्त्रवाले सर बघतात, गुण येईल खरा, पण गरिबाला परवडेल का? आणि गुण खरंच आला की नुसता वाटला, हे अनू गणितानं ठरवते.

"वाटला म्हणजे?" मी विचारलं.

"आई, निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवतो. लोकांना सगळं आधी सांगतो, पण कुठली बाटली कुणाची ते मलाही माहीत नसतं."

"बिनऔषधाच्या गोळीनं बरं वाटतं?"

"कित्येकांना वाटतं."

मी खुळ्यासारखी हसले. लहानपणी गुडघा फुटला की आई नुसती फुंकर घालायची आणि दुखणं थांबायचं. त्या फुंकरीवर विद्यापीठात अभ्यास चालतो, सांग!

मी म्हटलं, माझाही गुडघा दुखतो, मलाही घ्या. तर अनू म्हणते, घरच्या माणसांना घेता येत नाही. रुसले दोन दिवस. आमच्या मजल्यावरच्या चौघी मात्र गेल्या आणि बाटल्या घेऊन आल्या.

महिन्याभरानं गच्चीवर गेले तर काय बघते! पद्मक्कानं चारही बाटल्या एका स्टीलच्या डब्यात ओतल्या होत्या आणि डबा हलवून प्रत्येकीच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत होती. पहिल्या आठवड्यापासून चाललेलं.

"ये क्या कर रही हो?"

"अरे मौसी, आधी असली, आधी नकली बोले ना वो लोगां? फिर एक के नसीब में पूरी नकलीच कायकू? आप दराबा कैसा बाँटे थे, वैसाच बराबर!" मग हळूच, "अनू को नक्को बोलना."

चुकीचं तरी कसं म्हणू? माझ्याच वाट्या त्या. पण अनूची तीन वर्षांची मेहनत त्या डब्यात कालवली जात होती. उद्या त्या आकड्यांवर ही गोळी कुणाकुणाच्या आईला देणार. आणि सांगावं, तर परक्या गावात जिनं मला पहिल्यांदा आत घेतलं, तीच दुरावणार.

शेवटी म्हटलं, "पद्मा, मैं बोलूँगी. पर तेरे पीछे नहीं, तेरे को बताके बोलूँगी."

ती डबा घेऊन उठली. खाली जाऊन तिनं घराचं दार लावून घेतलं.

अनूनं ऐकलं आणि कपाळाला हात लावून खाली बसली. सगळं होतं तसं सरांना सांगितलं. मग इतर ठिकाणी विचारलं, तर आणखी दोन-तीन घरांत तीच तऱ्हा! अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. पण आता चिठ्ठी माणसाची नाही, इमारतीची निघते. एका इमारतीत सगळ्यांना एकच तऱ्हेची गोळी, मग खा किती वाटून खायची ती. आणि नाव लिहून घेतानाच विचारतात, शेजाऱ्यांना काय काय देता? अनू म्हणाली, "आई, हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता."

पद्मक्काचं दार मात्र बंदच. मी गच्चीवर जायचं सोडलं. बऱ्हाणपूर किती आठवलं म्हणून सांगू, पिशवीसुद्धा काढून ठेवली होती.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात पद्मक्का, हातात माझी ती पहिली वाटी, गोंगुऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, चटणीनं भरलेली.

"खाली कटोरी कैसा देना बोलके इत्ते दिन रखी," ती म्हणाली. आत येऊन बसली आणि मग, "मौसी, मेरेकू असली मिली थी क्या?"

"अब तो भगवान को भी नहीं मालूम."

"पन घुटना तो अच्छा चला ना!" आम्ही दोघी हसत सुटलो.

पिशवी मी परत माळ्यावर टाकली. तिकडचं घर खरं की इकडचं, हे तूही मला नेहमी विचारतेस. मला नाही सांगता येत, सुमन. दोन्हीकडच्या गोळ्या एकाच डब्यात गेल्या, आणि गुडघा चालतोय.

तुझाही दुखतो म्हणतेस ना? मग ये. इथं लिफ्ट आहे, अनू स्टेशनवर घ्यायला येईल. दराबा मात्र जास्त कर, पद्मक्का डोळे लावून बसलीय. आणि फलाटावर उतरेपर्यंत डबा मांडीवरच धर.