केसवाली आत्या आणि मालकीणबाईंची चामखीळ

आमची केसवाली आत्या माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी मान. बाजारात, एसटीत, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात, कुठेही. कोणाच्या मानेवर चामखीळ लोंबताना दिसली की हिचे डोळे लकाकलेच. "ये गो, देठ बघू दे," म्हणत ओळख ना पाळख, बाईचा पदर बाजूला सारायची. लोक चिडायचे. मग तेच लोक रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे.

केसवाली म्हणजे घोड्याच्या शेपटीचा केस. तेव्हा वसई स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे. आत्या घोड्याला वाडीतलं केळं भरवायची आणि टांगेवाल्याची पाठ वळली की शेपटीतला केस उपटायची. "अगं बाय, लाथ घालील तो!" टांगेवाला ओरडायचा. "तुझ्यापेक्षा शहाना आहे," ही चालता चालता सांगायची. त्या केसाची गाठ चामखिळीच्या देठाला आवळली की ती काळी पडायची, वाळायची आणि एके दिवशी उशीवर गळून पडायची.

पण दिसली चामखीळ की बांधली, असं नव्हतं. देठ बारीक आणि कातडी मऊ असली तरच ती हात लावायची. बूड रुंद असलं, रंग बदलत असला, रक्त येत असलं, तर "ही माझी नाय, डॉक्टरची," म्हणून हाकलून द्यायची. आणि प्रत्येकाला ऐकवायची, "हा रोग नाय. कातडीवर कातडी घासते, गळ्यातली साखळी घासते, तिथे येते. एकाची दुसऱ्याला लागत नाय."

माझ्या मानेवरही एक होती. मला बघायला पाहुणे येणार म्हणून आत्यानं ती बांधून ठेवली. ते यायच्या आत गळून जाईल असा तिचा हिशेब. पण मेले पाहुणे ठरल्या रविवारच्या आधीच्याच रविवारी दारात! मुलाची आई मोठ्या वाडीची मालकीण. तिला मी मालकीणबाईच म्हणते, नाव घेऊन तोंड कडू कशाला करू? चहा देऊन मी वळले, तर बाईनं सगळ्यांदेखत माझी वेणी एका बोटानं उचलली. खाली काळी पडलेली चामखीळ आणि घोड्याच्या केसाची दोन टोकं. "शी! ही कसली घाण? लागट दिसते, एकीची दुसरीला लागेल. आमच्या घरात नको," म्हणाली आणि कप तसाच ठेवून उठली.

तिथे थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं ते गावोगाव सांगितलं. नालासोपाऱ्यापासून वसईपर्यंत मी 'ती लागट पोरगी' झाले. चामखीळ गळून गेली, मान लख्ख झाली, तरी एक स्थळ येईना. आई रडायची. आत्या रडली नाही. "माझ्या केसानं तुझं लगीन मोडलं," एवढंच म्हणाली, "मी ते फेडून घेईन."

आणि देवानं तिचं ऐकलं! त्याच मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि मालकीणबाईंच्या पापणीवर ही लठ्ठ चामखीळ आली. डॉक्टरच्या कात्रीची भीती. शेवटी डोक्यावरून पदर घेऊन बाई आमच्या मागच्या दारी हजर. आत्या गोड आवाजात म्हणाली, "इथे उजेड नाय गो. रविवारी मिस्सा सुटला की चर्चच्या अंगणात ये."

रविवारी बाई बाकावर बसल्या. सगळं गाव भोवती. आत्यानं केस हातात धरला आणि घसा मोकळा करून विचारलं, "आधी सांग, ही लागते का?"

"नाही," बाई पुटपुटल्या.

"मागं ऐकू जात नाय."

"नाही लागत!"

"मग माझ्या भाचीची लागत होती?"

आत्या तशीच उभी. केस बोटाला गुंडाळत होती. अखेर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी खोटं बोलले."

"बरं झालं," आत्या म्हणाली आणि केस कनवटीला खोचला. "आता जा घरी. डोळ्यापाशी माझा हात थरथरतो." थरथरतो कसला! लोकांच्या पापण्यांवरच्या कितीतरी चामखिळी तिला बांधताना मी पाहिलं होतं. मुलाच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मालकीणबाईंची ती चामखीळ आहे. मी मुद्दाम जाऊन अल्बम बघून आले. आणि पुढच्या ईस्टरच्या आत माझंही लग्न ठरलं.

आत्या शेवटच्या आजारात होती तेव्हा फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले. म्हणाले, "आजी, सगळ्यांना माफ करा."

"केलं, फादर," आत्या म्हणाली. "एक सोडून."

फादर माझ्याकडे बघू लागले. मी आत्याचा हात धरून बसले.

दफनाला मालकीणबाई आल्या. काळी साडी, हातात फुलं, डोळ्यांना रुमाल. खड्ड्याशी येऊन त्यांनी मूठभर माती उचलली. सगळं गाव बघत होतं. मी पुढे झाले, त्यांचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि ती माती त्यांच्याच पायांशी पाडली.

"तुमची नको," म्हटलं. मग माझ्या हातानं आत्याला माती दिली.