ताटावरचं गाव

आमच्या भागात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात. नाव मागाहून, काम त्याच्याही मागाहून. हैदराबादच्या विद्यानगरात मी खानावळ सुरू केली तेव्हा जेवायला येणाऱ्या पोरांत एकाच नावाचे चौघे होते, आणि मला नावं तशीही लक्षात राहत नाहीत. गाव राहतं. म्हणून मी गावावरूनच हाका मारायची. "ए खम्मम, भात घे." "नेल्लूर, कालचा डबा कुठाय?" पोरं आधी हसली, मग आपसांतही तशाच हाका मारू लागली.

ताटांवर गाव घालून घ्यायची कल्पनाही माझीच. महिना भरणाऱ्या प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणजे कुणाच्या उष्ट्याची कुणाला कुरकुर नको. कोठीच्या बाजारात, भांड्यांच्या गल्लीत एक म्हातारा मशीननं नावं कोरायचा. त्याच्याशी मी घासाघीस करत इतका वेळ उभी राहिले की तो म्हणाला, "अम्मा, तुम ये मशीनच लेलेव. मैं तुम्हारे पास आके खाने को बैठता." अक्षरं मराठीत घालायला सांगितली, कारण वाचायची मलाच होती. तेलुगू मी फर्राट बोलते, पण वाचताना अजूनही अडखळते. नियम एकच होता: जेवून झालं की आपलं ताट आपण विसळायचं आणि मांडणीत आपल्याच खाचेत उभं करायचं.

मी बीदरकडची. माहेरचं गाव निजामाच्या वेळी याच हैदराबाद राज्यात होतं. पुढे राज्यं वाटली गेली तेव्हा ते कर्नाटकात गेलं. गाव जागचं हललं नाही. माझे वडील मात्र कचेरीत गेले की कोणत्या भाषेत तोंड उघडावं या विचारात गप्पच राहायचे, आणि कामं तशीच ठेवून परत यायचे. ते बघून मी लहानपणीच ठरवलं होतं की आपण गप्प बसायचं नाही. लग्न होऊन हैदराबादला आले, यांची मिल बंद पडली, आणि मी डबे करायला लागले. पुढचं सगळं मी माझ्या तोंडाच्या जोरावर मिळवलं आहे. भाजीवाला असो की घरमालक, पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलेलं नाही.

वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन पेटलं तेव्हा त्याची धग सगळ्यांत आधी आमच्या गल्लीत आली, कारण विद्यापीठ पाठीमागेच. आज रस्ता बंद, उद्या गाड्या बंद, परवा पोलिसांच्या काटेरी तारा. भाजीची गाडी येईना म्हणून मी आणि हे बरकतपुऱ्यापासून वांग्यांच्या पिशव्या हातात घेऊन चालत यायचो. अश्रुधुराची नळकांडी फुटली की धूर थेट स्वयंपाकघरात. फोडणी कोणती आणि धूर कोणता ते कळत नसे, आणि भाकरी थापणारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. पळत आत शिरलेल्या पोरांना मी ओले पंचे द्यायची आणि दार लावून घ्यायची.

एकदा गॅसचं सिलिंडर तारेपलीकडे अडकलं. फौजदार म्हणाला, "अम्मा, आज बंद है. कुछ नहीं छोड़ते."

"बंद है तो तुम कायकू खड़े? तुम भी घर जाओ."

"ऊपर से ऑर्डर है."

"मेरे को भी ऊपर से ऑर्डर है. दोपहर में तुम्हारे दस-बारा शिपाई खाली डब्बा लेके मेरे पीछे के दरवाजे पे खड़े रहते, मालूम नहीं तुमको?"

त्याला माहीत होतं. सिलिंडर सुटलं. पण ते बोलणं तारेजवळच्या पोरांनीही ऐकलं, आणि 'अम्मा पोलिसांना जेवू घालते' असं विद्यापीठभर झालं. घालत होतेच. त्यांतला एक करीमनगरचा होता, त्याचा धाकटा भाऊ आत पोरांत घोषणा देत होता. तो शिपाई रोज विचारायचा, "आज भाऊ जेवून गेला का?" मग स्वतः घास घ्यायचा. अशा माणसाला मी कोणत्या बाजूचा म्हणून मागच्या दारातून हाकलायला हवं होतं?

मलाही लोक विचारायचे, तुम्ही कोणत्या बाजूच्या. खरं सांगायचं तर मागणी मला पटत होती. इकडच्या पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत, पाणी मिळत नाही, त्यांच्या बोलण्याला सिनेमात हसतात, हे सगळं मी माझ्याच पंगतीत ऐकलेलं होतं. पण त्याच पंगतीत समुद्राकडची, आंध्रातली पोरंही जेवायला होती, आणि आमच्या गुंटूरनं कुणाचं पाणी पळवलं होतं, ते मला कुणी सांगू शकलं नाही.

गुंटूर म्हणजे लाजाळू पोरगा. घरून आणलेली लाल पुडी, म्हणजे आपली कोरडी चटणीच, सगळ्यांना वाढायचा. त्याच्या शेजारी नेहमी आदिलाबाद बसायचा. हा अगदी महाराष्ट्राच्या कडेचा. आजी मराठी बोलणारी, शाळेतही दोन-चार वर्षं मराठी झालेलं. सगळी पोरं मला अम्मा नाहीतर आंटी म्हणायची, हा एकटा मावशी म्हणायचा. त्याला कडा करपलेली भाकरी आवडते म्हणून मी त्याची भाकरी शेवटी, तवा तापल्यावर टाकायची. गुंटूरची पुडी आदिलाबादच्या भाकरीवर, असं त्यांचं रोजचं चालायचं. मांडणीत खाचाही शेजारीशेजारी.

आंदोलनात आदिलाबाद पुढे आला. बोलायला चांगला, आवाज मोठा. विद्यापीठातली मेस बंद केल्यावर उपोषणाच्या मांडवाभोवती बसणाऱ्या पोरांचं जेवण माझ्याकडून जायला लागलं, तेही त्याच्याच सांगण्यावरून.

एका दुपारी तो तीन अनोळखी पोरांना घेऊन आला. बसला नाही.

"मावशी, आंध्रवाल्यांना इथं जेवण बंद करा."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. नाहीतर ही पोरं दगड मारतील, मग मला म्हणू नका."

"दगड मारणारी पोरं सोबत घेऊन आलास, वर भलंही करतोस? जेवायचं असेल तर हात धू. नसेल तर वाट मोकळी कर."

तो मांडणीकडे गेला. त्या तिघांपैकी कुणाला ती अक्षरं झटकन लागली नसती. त्याला लागली. एकेक ताट काढून मोठ्यानं वाचायला लागला, "गुंटूर. तेनाली. भीमावरम. नेल्लूर." वाचून ताट बाहेरच्या कट्ट्यावर. पंगतीत बसलेल्यांचे घास हातातच राहिले. गुंटूर तेव्हा नुकताच दारात आला होता. आपलं ताट कट्ट्यावर पडलेलं त्यानं पाहिलं, आणि तिथूनच मागे वळला.

माझं डोकं फिरलं. मी मांडणीकडे गेले, आदिलाबादचं ताट काढलं आणि त्याच ढिगावर आपटलं. मग करीमनगर, वरंगल, खम्मम, सगळी. मांडणी रिकामी केली. जेवणाऱ्यांना म्हटलं, समोरचं संपवा आणि उठा.

"मावशी, हे काय?"

"एक ताट बाहेर, तर सगळी बाहेर. संध्याकाळपासून चूल बंद. मांडवातल्या तुझ्या पोरांना सांग, मावशीनं नाही, तू बंद केली."

"मांडवातल्या पोरांनी काय केलं?"

"गुंटूरनं काय केलं ते आधी सांग, मग मी हे सांगते."

तो निघून गेला. मी खरोखरच चूल बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी हे कांदे निवडत म्हणाले, "तुझा भाव उतरेपर्यंत यांना कोंब येतील."

"येऊ द्या. कोंबांची भाजी करीन."

पण आतून मी घाबरले होते. खानावळ तुटली तर ती पुन्हा उभी करायचं वय राहिलं नव्हतं. आणि त्याहून मोठी भीती ही होती की उद्या आदिलाबाद आला नाहीच, तर मला कुणा एकाला निवडावं लागेल. घासाघीस मी आयुष्यभर केली, पण समोरचा परत येईल की नाही हे इतकं कधी अंधारात नव्हतं.

आधी आला तो गुंटूर. मागच्या दारानं.

"आंटी, मैं गाँव जाता. परीक्षा भी आगे गई. मेरे वास्ते सबका खाना बंद है."

"तेरे वास्ते नहीं, मेरे वास्ते बंद है. बैठ, चाय पी."

तो बसला नाही. मी म्हटलं, ताट घेऊन जा मग. म्हणाला, "रहने दो आंटी, मैं वापस आता ना." आणि पुडीची बरणी ओट्यावर ठेवून गेला.

मग आदिलाबाद आला. एकटा, चेहरा उतरलेला. मांडवात पोरं बिस्किटांवर होती. त्यानं तोड आणली: आंध्रवाले जेवू देत, पण बाहेरच्या कुणी येऊन वाचायला नको म्हणून त्यांच्या ताटांवरची गावं खोडून टाका. तोड वाईट नव्हती. पण मी पहिल्या भावाला हो म्हणत नाही.

"खोडायची तर सगळ्यांची."

"आमची कशाला? गावासाठीच तर हे सगळं चाललंय, मावशी. माझ्या गावाचं नाव मी कसं खोडू?"

"तुझं राहील आणि त्याचं जाईल, असा सौदा माझ्याकडे होत नाही. सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही."

शेवटी त्यानं मान हलवली. जाताना विचारलं, "आज मांडवात काय पाठवाल?" म्हटलं, "डाळीचं पप्पू आणि भात. भाकरी हवी असेल तर पीठ दळून आण."

ताटांचं ओझं घेऊन मी आणि हे कोठीला गेलो. म्हातारा म्हणाला, स्टीलवरचं पुसत नाही, वरून घासून घासून बेपत्ता करता येतं. "कायकू अम्मा? अच्छा लिखा था मैंने." त्यानं एकेक ताट मशीनखाली धरलं आणि आडव्या-उभ्या रेघा मारत गेला. मी त्या दिवशी त्याच्याशी भावही केला नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले.

खानावळ वाचली. समुद्राकडची थोडी पोरं परत आली, एका पंगतीत जेवली. गुंटूर आला नाही. पुढे त्याच्याच गावाकडच्या एकाकडून कळलं की तो म्हणतो, आंटीनं पण आमची गावं पुसली. आमची! सगळ्यांची पुसली, हे सांगणारा त्याला कुणी भेटला नाही. मी निरोप पाठवला, पण निरोप काय, मधल्या माणसाच्या तोंडात बदलतो.

राज्य झालं. आमच्या गल्लीत मोठा कार्यक्रम झाला, आंदोलनाला जेवू घालणाऱ्यांना शाली दिल्या. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्यालाही मिळाली, ज्यानं प्रत्येक बंदला शटर ओढून झोप काढली होती. मला बोलावणं नव्हतं. चौकशी केली तर कार्यकर्ता म्हणाला, "अम्मा, वो लोकल लोगों का है. तुम महाराष्ट्रवाले." बीदर महाराष्ट्रात नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. काही लोक म्हणतात, शालीचं काय घेऊन बसलात. मला ती शाल हवी होती. अजूनही हवी आहे.

आदिलाबाद आता मोठा माणूस आहे. मागच्या उन्हाळ्यात अचानक आला, पांढरा शर्ट, गाडी, सोबत मोबाईलवर शूटिंग करणारा एक जण. पाया पडला. म्हणाला, "मावशी, माझं ताट आहे ना अजून? गावाचं नाव असलेलं. ते हातात घेऊन दोन शब्द बोलायचे आहेत. आंदोलनात याच ताटात जेवलो म्हणून."

मी मांडणीकडे बोट दाखवलं. "शोध."

त्यानं एक काढलं, उजेडात धरलं, अंगठा फिरवला. दुसरं काढलं. सगळ्यांवर त्याच रेघा. शूटिंगवाला विचारत होता, सर, कौन सा. त्यानं तिसरं काढलं. मग मीच म्हटलं, "फोन बंद करायला सांग त्याला. आणि तू हात धू."

जेवला. भाकरी मी तवा तापवून शेवटी टाकली होती. कडा आधी खाल्ल्या, पूर्वीसारख्याच. शालीचं बोलावं असं ओठांवर आलं होतं, पण जेवत्या माणसाशी मी हिशोब करत नाही. शेवटी त्यानंच विचारलं, "गुंटूर कुठे असतो?"

"तूच विचार त्याला. माझं तो ऐकत नाही."

तो उठला. ड्रायव्हर ताट घ्यायला पुढे झाला, त्याला थांबवून स्वतःच नळाखाली विसळलं आणि मांडणीकडे गेला. ताट कुणाचं होतं देव जाणे, पण हात न चुकता खालच्या रांगेत, खिडकीकडच्या खाचेत गेला. तीच त्याची. शेजारच्या खाचेत मी हल्ली झाकण्या ठेवते. त्यानं त्या काढल्या, ओट्यावर ठेवल्या, आणि ती खाच तशीच रिकामी ठेवून निघाला.

मी झाकण्या अजून परत ठेवलेल्या नाहीत.