गिअरच्या दांड्याला बांधलेली पिशवी

त्या सकाळी मी ट्रॅक्टरला लाथ मारली. पायात चप्पल, समोर लोखंड, कुणाला लागणार ते उघड होतं. तरी मारली आणि अंगठा धरून बांधावर बसलो.

लिफ्ट उचलत नव्हती. आमचा ट्रॅक्टर जुना आणि छोटा, डाळिंबाच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच. मागे ढेकळं फोडायचा रोटाव्हेटर जोडला होता. लिव्हर ओढला की तो वीतभर वर यायचा, तापकऱ्यासारखा थरथरायचा आणि धप्पकन खाली बसायचा. आतून पंप कुईंकुईं करायचा. घोडनदीकाठच्या आमच्या रानात कांद्याचं रोप लागणीला आलं होतं, लागणीच्या बायकांची टोळी परवा येणार होती आणि रान अजून ढेकळांचं होतं. रान तयार नसलं की टोळी शेजारच्या शेतात उतरते आणि आपण बघत बसायचं.

मला यंत्रातलं कळतं, असा माझा समज आहे. फिल्टर काढून डिझेलनं धुतला. पाइपांचे जोड पुसून पाहिले, गळती कुठंच नाही. मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या वर दोन बोटं, आणि रंग दुधाच्या चहासारखा. तेल कमी झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. आपोआप वाढलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी ओतलं होतं. भलतंसलतं तेल ओतून वरून साळसूदपणे झाकण लावलं होतं. आणि माझ्याशिवाय हा ट्रॅक्टर एकाच माणसानं चालवला होता. दाजींनी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खुटबावचे. डाळिंबाच्या बागेसाठी त्यांनी चार दिवस ट्रॅक्टर नेला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी पावसातून आणून दारात लावला आणि एसटीनं परत गेले. मी तेव्हा शिरूरच्या मार्केट यार्डात होतो. तिथं त्यांचा फोन आला होता. लिलावाच्या गलक्यात ते रबराचं काहीतरी सांगत होते, मी हो हो म्हणून फोन ठेवला. घरी येऊन बघतो तर चाकांना चिखल, आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी खताची रिकामी पिशवी सुतळीनं करकचून बांधलेली. मी ज्या वस्तूला जिवापाड जपतो तिला ही चिंधी! पोळ्याच्या सकाळी विळ्यानं सुतळी कापली आणि पिशवी उकिरड्यावर भिरकावली.

आता सगळं जुळलं. हात तेलानं बरबटलेले होते म्हणून फोन स्पीकरवर लावला. माझे वडील, आबा, शेजारीच उभे होते.

"दाजी, तेल कसलं वतलंत ह्याच्यात?"

"तेल? मी कशाला वतू?"

"मग काय आभाळातनं पडलं? मागून न्यायचं आन् वाट लावून दारात आणून ठिवायचं, ही कुठली रीत? तुम्हाला वस्तूची किंमतच न्हाई!"

 मग "मी न्हाई वतलं" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"पाव्हण्याशी असं बोलत्यात व्हय?" आबा म्हणाले.

"पाव्हण्यानं असं वागावं व्हय?" मी ओरडलो. आबा मान खाली घालून घरात गेले.

घटकाभरात ताईचा फोन आला. तिचा आवाज शांत होता, त्यानं मी आणखी भडकलो. "ह्यांनी काही म्हटलेलं न्हाई," ती म्हणाली. "मीच म्हणतीय. दसऱ्याला मी येत न्हाई. पुढचंही धरू नको." लग्न झाल्यापासून तिचा एकही दसरा चुकला नव्हता. "नको येऊस," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

दुपारी फिटर आला. त्यानं खाली घमेलं ठेवलं आणि तळाचं बूच सोडलं. तेलाच्या आधी पाणी आलं. गढूळ, पण पाणीच, चांगलं तांब्याभर.

"कुणी तेल वतलेलं न्हाई दादा," तो म्हणाला. "वरनं पाणी शिरलंय. गिअरचं आन् लिफ्टचं तेल ह्याच्यात एकच असतंय." मग त्यानं गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर उचललं. ते एका बाजूनं फाटलं होतं, आणि घडीत झेंडूच्या पाकळ्या आणि गुलालाचा चिखल अडकला होता. "नवं रबर मिळंपर्यंत पिशवी तरी बांधायची वरनं. एवढंबी कळत न्हाई लोकांना."

आमचे बैल जाऊन बरीच वर्षं झाली. पण भाद्रपदातल्या पोळ्याला आबा ट्रॅक्टरला अंघोळ घालतात. बॉनेट वशिंडासारखं चोळतात, दांड्याला झेंडूची माळ घालतात, पुरणपोळीचा घास टेकवतात. मोटरचा पाइप मी धरतो. यंदा आबा म्हणाले, "दांड्यापाशी चिखल हाय, तिथं मार." पिशवी सकाळीच काढलेली. मी धार तिथंच धरली, पार चकचकीत होईपर्यंत.

मला फिटरचा राग आला, रबराचा आला, झेंडूचा आला. शेवटी आणखी कुणी उरलं नाही.

संध्याकाळी नवं तेल पडलं, लिफ्ट वर जाऊन थांबली. त्यावरही मी खूश होऊ शकलो नाही. खुटबावला फोन लावला.

"दाजी, चुकलो. पाणी आमच्याच हातनं गेलं. रबर फाटलं हुतं."

"तेच सांगत हुतो यार्डात," ते म्हणाले. मग विचारलं, "पिशवी बांधली का आता?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फोन ताईकडं दिला.

"मला नको सांगू," ती म्हणाली. "आबांपुढं बोललास ना? मग आबांपुढंच सांग. मग बघीन दसऱ्याचं."

आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं: दाजींनी पिशवी बांधली होती, मी ती कापली, तेल कुणी ओतलंच नव्हतं, पोळ्याचं पाणी आत गेलं.

अडकित्ता थांबला. आबांनी अंगणातल्या ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं.

"म्हंजी मीच बुडवला व्हय त्याला?"

दिवसभरात ज्याच्यावर दोष ढकलायचा राहिला होता असा एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता.

"न्हाई आबा," मी म्हणालो. "पाइप माझ्या हातात हुता."